काठावर ठेवलेलं लुगडं

सीना नदीनं सुकन्याला नेलं तेव्हा तिच्या लुगड्याचा पदर मल्हारच्या मुठीत होता.

म्हाळसाबाईनं हे आपल्या डोळ्यांनी बघितलं. पहाटे वस्तीत पाणी शिरलं तेव्हा आभाळातनं टिपूसही गळत नव्हता. वर कुठं तरी धरणांची दारं उघडली होती आणि नदी पात्र सोडून उसाच्या फडातनं चालत आली होती. माणसं टेकाडावर पळाली. मेंढरं मात्र वाघरीत, रात्री कोंडायच्या जाळ्यात, तशीच राहिली. शिंगं गुंतलेली, पाय गुंतलेले, एक दुसरीच्या पाठीवर चढलेली, आणि खालची बुडत होती. त्यांच्या गळ्यातनं निघणारा आवाज जनावराचा वाटत नव्हता. म्हाळसाबाई नको नको म्हणत असताना तिची सून विळा घेऊन छातीभर पाण्यात उतरली आणि तिनं जाळं कापायला घेतलं. सुटलेली मेंढरं तिलाच तुडवत, ढुश्या देत टेकाडाकडं धावली. शेवटची सुटत होती तोवर वरच्या अंगानं एक उपटलेला लिंब वाहत आला आणि त्याचं बूड सुकन्याच्या कमरेवर बसलं.

मल्हारनं उडी टाकली. एका हाताची मिठी त्यानं विजेच्या खांबाला घातली आणि दुसऱ्या हातानं बायकोचा पदर धरला, मनगटाला दोन वेढे देऊन गच्च आवळला. पाणी तिला तिकडं ओढत होतं, तो इकडं. पदर टरकला, पण तुटला नाही. निऱ्या सुटल्या. सुकन्या पाण्यात गरागरा फिरली, तोंड एकदा वर आलं, तिनं नवऱ्याकडं बघितलं, आणि मग मल्हारचा हात एकदम हलका झाला. त्याच्या हातात नुसतं लुगडं उरलं. निळं इरकल, लाल काठाचं.

शेजारचा टेंपोवाला इलाहीबक्ष दोर बांधून त्याला आणायला गेला, तर मल्हारनं त्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून त्याला चौघांनी आडवा पाडून बांधून घातला. मूठ तेव्हाही मिटलेलीच होती. म्हाळसाबाईनं त्याचं एकेक बोट उलगडून लुगडं काढून घेतलं. तेव्हा तो आईकडं असा बघत राहिला, की जणू तिनंच सुनेला ढकललं होतं.

बोटीवाले आले, गळ टाकले, खालच्या बंधाऱ्यापर्यंत शोध झाला. फुगलेली जनावरं मिळाली, दोन गावांची माणसं मिळाली. सुकन्या मिळाली नाही.

देह नाही म्हटल्यावर पुढचं काहीच करता येईना. दहावं कशाच्या नावानं घालायचं? सुतक धड लागलं नव्हतं आणि धड फिटतही नव्हतं. त्या वर्षी घरात घट बसले नाहीत. देवघरातल्या खंडोबाच्या टाकाला म्हाळसाबाईनं हात लावला नाही, दिवा लावला नाही. लांबूनच हात जोडायची. रविवारचा उपास मात्र तिनं मोडला नाही. देव सुतकात असला तरी उपास माणसाचा असतो, असं तिला वाटे. त्या उपासात ती एकच मागणं मागे. सुनेचा देह मिळू दे, तिला अग्नी मिळू दे, माझ्या पोराचं डोकं थाऱ्यावर येऊ दे.

कारण पोराचं डोकं थाऱ्यावर नव्हतं. ज्या एडक्याची शिंगं जाळ्यात सगळ्यात आधी गुंतली होती, तो एडका मल्हारनं तिसऱ्याच दिवशी अंगणात कुऱ्हाडीनं तोडला. एका घावात नाही. रक्त कुडावर उडालं, चुलीवर उडालं. कळप पुढं चालवणारा, खोबरं खाऊन वाढलेला एडका तो. त्याचं मटण कुणी खाल्लं नाही, खड्डा काढून पुरला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं मयत की बेपत्ता असं विचारलं, तर मल्हारनं त्याचं नरडं धरलं. पाणी उतरलं तसा तो रोज नदीवर जायला लागला. पाला तोडायची कुऱ्हाड घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राही आणि पाण्यावर घाव घाली. आधी पोरं लांबून हसायची. नंतर हसायची बंद झाली.

मग एक दिवस म्हाळसाबाईनं त्याला समोर बसवलं. टरकलेला पदर तिनं घोंगड्याच्या काळ्या लोकरी धाग्यानं शिवून आणला होता. निळ्यावर काळी, वेडीवाकडी शिवण उठून दिसत होती.

"तुझ्याकडं लुगडं राह्यलं म्हनून ती वर यीना," ती हळू आवाजात म्हणाली. "झंपर-परकरावर कशी यील बापयांफुडं? लाजती ती. तिचं लुगडं तिला दे. काठाला ठिव, आन् मागं बघू नगंस."

त्यांच्यात हे पूर्वीपासून होतं. नदीत गेलेल्या बाईचा देह सापडेना, तर तिचं नेसूचं काठावर ठेवायचं, ओटी भरायची आणि पाठ फिरवून निघून यायचं. कुणी बघत नाही म्हटल्यावर बाई लाज झाकून वर येते. म्हणजे तिचा देह वर येतो. हे शेवटचं वाक्य म्हाळसाबाईनं बोलून दाखवलं नाही. ते सांगायला लागतं असं तिला वाटलंच नाही.

मल्हारनं पाण्याजवळच्या सपाट दगडावर लुगडं घडी करून ठेवलं. वर हिरव्या बांगड्या, नारळ, हळदीकुंकू. रोज सकाळी तो लांबनं बघून येई. लुगडं तिथंच असे. अंगावर दव, कधी पाखराची घाण. तो झाडून येई आणि पाठ फिरवून परते. कुऱ्हाड चालवणं त्यानं बंद केलं.

आणि एका सकाळी दगड रिकामा होता. कुंकवाचा डाग तेवढा राहिला होता.

मल्हार पळत घरी आला. दारातच बसला, आईच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "आये, नेलं तिनं."

त्यानं दाढी केली. अंगण शेणानं सारवलं, कुडावरचे एडक्याच्या रक्ताचे डाग मातीनं लिंपले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चुलीपुढं बसून भाकरी खाल्ली आणि सुकन्याच्या वाटणीची एक फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवली. ते बघितलं आणि म्हाळसाबाईच्या ध्यानात आलं. ती देहाची वाट बघत होती. तिचा लेक बायकोची वाट बघत होता. हा फरक त्याला सांगायचा, असं ती रोज ठरवी. पण त्याच्या तोंडावर आलेलं हसू बघितलं की ती दुसरंच काही तरी बोले.

खरं काय झालं होतं ते शाळेच्या खोलीत पडलं होतं.

पुण्याची एक कंपनी पूरग्रस्त गावांत माणसं घेऊन यायची. ती माणसं मजूर नव्हती. उलट पदरचे पैसे भरून चार दिवस चिखल उपसायला यायची. शाळेच्या मैदानात तंबू, अंगात पिवळे सदरे, हातात नवी कोरी खोरी. शेवटच्या दिवशी त्यांना सोलापुरात सिद्धेश्वराचं देऊळ आणि किल्ला दाखवत, चादरी आणि शेंगाचटणी घेऊ देत आणि मग बस पुण्याला लागे. पारावरचा एक म्हातारा म्हणाला होता, पैसं भरून चिखल काढत्यात व्हय, मग आमच्याकडं लई हाय म्हनावं, जाताना घरी पन न्या. सगळे हसले होते. पण पाहुण्यांनी काम केलं होतं, हेही खरं. शाळेतला गाळ त्यांनीच काढला, आडाचं पाणी उपसलं, दवाखान्याच्या भिंती धुतल्या. गाव त्यांना चहा पाजत होतं.

या सगळ्यावर राजशेखर नावाचा सोलापूरचाच माणूस होता, उंचापुरा, मोठ्या आवाजाचा. त्याच्या हाताखाली मेहनाज. सोलापुरात तिच्या अब्बांचं कापडाचं छोटं दुकान होतं. समाजकार्याची पदवी घेऊन घरी बसली होती, म्हणून मानधनावर इथं लागली. पाहुण्यांना गावाचं बोलणं समजावून सांगायचं, गावाला पाहुण्यांचं, हे तिचं काम. वस्तीवरच्या बायकांना ती मावशी म्हणे.

आधीच्या बसमधल्या पाहुण्यांनी नदीकाठ साफ केला होता. पुरानं बाभळींना लटकवलेली वस्त्रं काढली. फाटकी जाळली. धड होती ती औषधाच्या पाण्यात धुऊन, इस्त्री करून गरजूंसाठी शाळेच्या खोलीत रचली. दगडावर घडी करून ठेवलेलं लुगडंही त्यात गेलं. मेहनाजनं कुंकू बघितलं होतं. तिचा हात अडला होता. हे कुणी तरी ठेवलेलं दिसतंय, असं ती राजशेखरला म्हणालीही. पण त्यानं काठावर चिंधी दिसायला नको असं बजावलं, नारळ पोत्यात टाकला आणि लुगडं कुणाच्या तरी अंगावर येईल म्हणून धुवायला दिलं. ते कुणाच्या अंगावर येईल, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

पुढच्या बसनं सोनम आली. पुण्याची, हसरी, पंचविशीची मुलगी. गाडीतनं उतरल्यापासून तिनं इथली बोली उचलायला घेतली होती. वाक्याच्या शेवटी 'की' लावायची आणि स्वतःच हसायची. पाहुण्यांचं एक जेवण गावातल्या चुलीवर असायचं आणि त्याचा मोबदला त्या घराला मिळायचा. म्हाळसाबाईला मेहनाजनं विचारलं, तेव्हा तिनं मोबदल्यासाठी नाही, घरात चार माणसांचं बोलणं होईल म्हणून हो म्हटलं. मल्हार तर मेंढरं घेऊन माळावर असणार होता.

दुपारी सगळे आले. एका गोऱ्या, चष्मेवाल्या पोरानं वाकून म्हाळसाबाईच्या पायांना हात लावला. तिनं त्याला आशीर्वाद दिला. सोनमला मेंढीचं कोकरू उचलायचं होतं. ते उसळलं आणि ती मागच्या राडीत सपशेल बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळसाबाई पाण्याचा टँकर आला म्हणून कळशी घेऊन गेली. ती गेल्यावर मेहनाजनं शाळेतनं एक लुगडं मागवलं. कुणी तरी रचलेल्यातलं वरचं आणून दिलं. फोटो चांगला येईल म्हणून ते सोनमला नीट नेसवलं, खांद्यावर आणि कमरेला पिना लावल्या, डोक्यावर पदर दिला. आणि सोनम चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली.

म्हाळसाबाई भरली कळशी डोक्यावर घेऊन परतली, तेव्हा मल्हार कुडाजवळ उभा होता.

एक मेंढी लंगडायला लागली म्हणून तो लवकर आला होता. कुऱ्हाड खांद्यावर, मेंढरं मागं पांगलेली. कुत्रं भुंकत नव्हतं. तो हसत होता. लग्नात हळद लागताना हसला होता, तसं. म्हाळसाबाईनं त्याच्या नजरेच्या रोखानं बघितलं. चुलीपुढं पाठमोरी बाई बसली होती. निळं इरकल, लाल काठ. डोक्यावरच्या पदरावर काळ्या लोकरीची वेडीवाकडी शिवण. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप थप.

म्हाळसाबाईला हाक मारायची होती. कुणाला मारावी, लेकाला की त्या पोरीला, हे तिला ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात वेळ गेली. मल्हारनं कुऱ्हाड कुडाला टेकवून ठेवली. पायतणं काढली. सारवलेल्या अंगणातनं तो हळूहळू चालत गेला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला.

"आलीस व्हय," तो म्हणाला.

सोनमला वाटलं, घरातला मुलगा थट्टा करतोय. पिठाचे हात तसेच ठेवून ती वळली आणि हसून म्हणाली, "आले की दादा."

मल्हारनं तोंड बघितलं.

त्याच्या गळ्यातनं जो आवाज निघाला तो म्हाळसाबाईनं त्या पहाटे वाघरीत ऐकला होता. तिच्या डोक्यावरची कळशी खाली फुटल्यासारखी आपटली. मल्हारनं पदर धरला, मनगटाला एक वेढा दिला, दुसरा दिला, आणि ओढला. सोनम उठता उठता चुलीवर पडली. तवा उडाला, निखारे तिच्या हातावर, मांडीवर सांडले. लुगडं दोन-तीन ठिकाणी धुमसलं, जळक्या कातड्याचा वास सुटला. ती ओरडली, पण ओरडणं मधेच तुटलं, कारण डोक्यावरचा पदर ओढीनं गळ्याभोवती आवळला होता. मल्हारनं दुसऱ्या हाताची मिठी छपराला आधार देणाऱ्या मेढीला घातली आणि पाय रोवले. तो तिला मारत नव्हता. तो तिच्याकडं बघतही नव्हता. डोळे मिटून तो नुसता ओढत होता आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "सोडत न्हाय. आता सोडत न्हाय."

पिवळ्या सदऱ्यांतल्या दोघांच्या फोनवरचं चित्रण अजून चालूच होतं. मग कुणी तरी किंचाळलं आणि सगळे एकदम तुटून पडले. चौघांनी सोनमच्या कमरेला धरून तिला मागं ओढायला घेतलं. जितकं ते ओढत तितका तिचा गळा आवळत होता, पण ते त्यांच्या ध्यानात येत नव्हतं. बाकीचे मल्हारवर. पहिला खोऱ्याचा दांडा पाठीत बसला. तो हलला नाही. दुसरा डोक्यात बसला, कानामागनं रक्ताची धार लागली. मग कोण मारतंय ते कळेना. ज्या चष्मेवाल्यानं म्हाळसाबाईच्या पायांना हात लावला होता तो बुटानं मल्हारच्या बरगड्यांत लाथा घालत होता, आणि प्रत्येक लाथेला हुंदका देत होता. चष्मा पडला, त्याच्याच पायाखाली चुरडला, त्याला पत्ता नव्हता. चार दिवस चिखलावर खोरी चालवायला शिकलेले हात आता एका माणसावर चालत होते आणि थांबायचं कसं हे त्यांना येत नव्हतं.

"हात तोडा त्याचा, हात," राजशेखर ओरडला.

खोऱ्याचं पातं मनगटावर बसलं. वाळलेलं ज्वारीचं ताट मोडावं तसा आवाज आला. बोटं लुळी पडली, पण लुगड्याचे वेढे मोडलेल्या मनगटाला गच्च बसले होते आणि मल्हारनं हात छातीशी ओढून घेतला. सोनमचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. टाचा मातीत घासत होत्या.

म्हाळसाबाई धावली. लेकाच्या अंगावर पडायला गेली तर कुणाचा तरी दांडा तिच्या कपाळावर बसला आणि ती गुडघ्यांवर आली. रक्तातनं तिनं बघितलं, तर कुडाजवळ एका पिवळ्या सदऱ्यानं मल्हारची कुऱ्हाड उचलली होती. आणि तिथं, गुडघ्यांवर, तिला सगळं लख्ख दिसलं. ती मेढ म्हणजे विजेचा खांब होता. ही ओढणारी माणसं म्हणजे पाणी होतं. आपला लेक अंगणात नव्हताच, तो अजून त्या पहाटेतच उभा होता. मारून तो सोडणार नव्हता. मेला असता, तरी त्यानं सोडलं नसतं. कुऱ्हाड येईपर्यंत एकच काम करता येण्यासारखं होतं, आणि ते काम करणं म्हणजे काय, हे या अंगणात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती रांगत सोनमपाशी गेली आणि मेहनाजचा हात धरून म्हणाली, "पोरी, पिना काढ. लुगडं सोड तिचं. त्यो तिला न्हाय धरत, लुगड्याला धरतोय."

मेहनाजला समजलं. तिनं पिना काढल्या नाहीत, कापडासकट ओरबाडल्या. कमरेची गाठ तिनं पिनांसकट दातांनी तोडली. निऱ्या सुटल्या. म्हाळसाबाईनं त्या परक्या पोरीला खांद्याला धरून फिरवलं, एकदा, दोनदा, लुगडं उलगडत गेलं, गळ्याचा वेढा सैल झाला. आणि मल्हारचा हात एकदम हलका झाला.

त्यानं डोळे उघडले. हातातल्या लुगड्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं, त्या पहाटे बघितलं होतं तसंच. मेढीची मिठी सुटली आणि तो खाली बसला.

तो बसल्यावरही ते मारत होते. कुऱ्हाड आली ती पात्यानं नाही, मागच्या बोथट बाजूनं आली, म्हणून त्याचा खांदा मोडला, मान वाचली. दुसरी येणार तोवर मेहनाज मधे उभी राहिली. तिनं आपली ओढणी खोकणाऱ्या सोनमच्या अंगावर टाकली होती. तिचे ओठ पिनांनी फाटले होते.

"सर, ते लुगडं आपण नदीवरनं उचललंय," ती राजशेखरला म्हणाली. "इस्त्री केल्यावर मला ओळखू आलं नाही. ते गेलेल्या बाईसाठी ठेवलं होतं. ह्यांच्या बायकोसाठी."

मेंढरं तेवढी ओरडत होती. पिवळे सदरे आपल्या हातांतल्या खोऱ्यांकडं बघत उभे राहिले. चष्मेवाला कुडाशी जाऊन ओकला.

इलाहीबक्षनं मल्हारला टेंपोत घालून सोलापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. सोनमला कंपनीच्या गाडीनं दुसऱ्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. पोलिसांनी कुऱ्हाड नेली, खोरी नेली, गुन्हा मल्हारवर घातला. लुगडं मात्र त्यांना सापडलं नाही. म्हाळसाबाईनं ते पोटाशी गुंडाळलं होतं आणि वरनं घोंगडं पांघरून बसली होती.

मल्हारच्या खाटेला पोलीस बसवला होता. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं, त्यात रुतलेला पदराचा तुकडा डॉक्टरांना कातरीनं कापून काढावा लागला. म्हाळसाबाई त्याच्या उशाशी बसली, तिनं चमच्यानं पाणी पाजलं. पाणी गिळून तो बोलला.

"आये, तिला फिरून तूच सोडलंस."

ती त्याच्या कपाळावरनं हात फिरवत राहिली. तो रविवार होता. तिचा उपास होता, आणि तिनं मागणं तेच मागितलं.

गावी परतल्यावर तिनं इलाहीबक्षच्या घरनं कुऱ्हाड मागून घेतली. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. ती नदीवर गेली. त्याच सपाट दगडावर तिनं लुगडं ठेवलं. त्याला जळकी भोकं पडली होती, रक्त वाळलं होतं, पदराचा तुकडा नव्हता. तिनं ते धुतलं नाही. बांगड्या ठेवल्या, नारळ ठेवला, हळदीकुंकू वाहिलं. आणि या वेळी ती निघून गेली नाही. दगडापासून थोडी वर आली आणि नदीकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून, कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसली.

सकाळी मेहनाज आली. तिच्या अंगात पिवळा सदरा नव्हता. ओठांवर टाके होते. काम सोडलं, एवढंच तिनं सांगितलं. ती म्हाळसाबाईच्या शेजारी बसली, तिच्यासारखीच, नदीकडं पाठ करून. म्हाळसाबाईनं तिला बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

उन्हं वर आल्यावर काठाकाठानं पिवळे सदरे आले. नवी बस, नवी माणसं, हातांत पोती, आणि पुढं राजशेखर. त्यांना काठाची उरलेली घाण गोळा करायची होती. राजशेखरनं या दोघींना बघितलं आणि तो थबकला. पण त्याच्यामागनं येणाऱ्या एका तरुणाला काही ठाऊक नव्हतं. दगडावर कापड दिसलं म्हणून तो पोत्याचं तोंड उघडत सरळ पुढं आला.

म्हाळसाबाई उठली. कपाळावरची जखम उकलून रक्त भुवईवर आलं होतं. तिनं दोन्ही हातांनी कुऱ्हाड उचलली आणि घातली. पातं त्या तरुणाच्या पायाच्या अंगठ्यापुढं वीतभर अंतरावर मातीत रुतलं. बुटावर ढेकळं उडाली. तिनं पातं उपसलं आणि पुन्हा वर धरलं. कुऱ्हाड खाली येत नव्हती.

राजशेखर लांबूनच म्हणाला, "मावशी, आम्ही मदतीलाच आलोय."

"व्हय," म्हाळसाबाई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "मग तोंडं तिकडं करा. बाई लुगडं नेसाय यायची हाय."

आधी तो तरुण वळला. मग एकेक करून सगळे वळले. शेवटी राजशेखरही. नदीकडं पाठ करून ते उभे राहिले, रिकामी पोती हातात धरून.

मागं पाण्यात काही तरी हललं. मेहनाजनं म्हाळसाबाईचं मनगट घट्ट धरलं.

म्हाळसाबाईनं मान वळवली नाही. तिनं कुऱ्हाड तशीच वर धरून ठेवली.